डाव्या हाताचं बटण

तेविसाव्या नावापाशी पेन्सिल दातांतून निसटली आणि टेबलाखाली गेली. कोडकाकांनी घड्याळाकडे पाहिलं. तासातली एकतीस मिनिटं संपली होती आणि यादीत नावं होती साठ. वाकून पेन्सिल उचलायची म्हणजे उजव्या हाताने टेबल सोडायचं, आणि टेबल सोडलं की डावी बाजू आपल्याला घेऊन खाली जाणार, हे गेल्या आठ महिन्यांत त्यांना चांगलंच कळलं होतं. त्यांनी उजव्या पायाने ती चाचपून पाहिली. ती आणखी लांब घरंगळली.

"आता तूही जा," ते तिला म्हणाले.

भाषांतराच्या त्या कचेरीत सगळे त्यांना कोडकाका म्हणत. परदेशी भाषांतले कागद टाइप करायचे, हे त्यांचं काम. भाषा त्यांना एकही येत नव्हती, पण अक्षरं सगळी येत होती. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला ई, शेपटीवाला सी, पोटातून चिरलेला ओ. असली अक्षरं कीबोर्डवर नसतात. कचेरीतल्या जुन्या प्रोग्राममध्ये ती काढायची म्हणजे डाव्या अंगठ्याने ऑल्टचं बटण दाबून धरायचं, उजव्या हाताने बाजूच्या आकड्यांवर चार आकडी नंबर मारायचा आणि अंगठा उचलायचा. उचलला की अक्षर उमटतं. बाकीचे लोक तक्त्यात बघून नंबर मारत. काकांना एकशे बारा नंबर तोंडपाठ होते. नव्या मुली लांबूनच विचारायच्या, टोपीवाला ए कितीला हो काका, आणि काका मान वर न करता सांगायचे, शून्य दोन दोन सहा. सव्वीस वर्षं त्यांनी हा रुबाब केला.

मग अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर काकांनी पहिली गोष्ट काय केली, तर नंबर आठवतात का ते पाहिलं. डोळे मिटून सगळेच्या सगळे म्हटले. सिस्टरने कागदावर 'असंबद्ध बडबड' असं लिहिलं आणि डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन, बुद्धीवरही परिणाम झाला असावा, असं हळू आवाजात सांगितलं. बायको सव्वीस वर्षं हे नंबर झोपेतसुद्धा ऐकत आली होती. ती म्हणाली, "नाही हो डॉक्टर. ते ऑफिसात आहेत."

नंबर शाबूत राहिले. डावा हात गेला तो गेलाच.

कचेरीला त्यांनी फोनवर सांगितलं होतं की हात येतोय आता. थाप होती. हात कुठून येणार? उजवीकडेही एक ऑल्ट होतं, पण ते दुसऱ्याच कामाचं. एकेक अक्षर माउसने यादीतून उचलून आणावं तर नावामागे दोन मिनिटं जात. शेवटी काकांनी पेन्सिल दातांत धरून तिच्या मागच्या रबराने बटण दाबायची युक्ती काढली. तीन आठवडे घरी जेवायच्या टेबलावर सराव केला. मान आखडली, हिरड्यांतून रक्त आलं, पण अक्षरं उमटायला लागली. घरी घड्याळ लावलेलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

आज परीक्षा होती. कचेरीच्या मॅडम, वयाने काकांच्या मुलीएवढ्या, यादी हातात देताना त्यांच्याकडे नीट पाहतही नव्हत्या. परदेशातल्या कुठल्याशा शाळेतून पास झालेल्या मुलांची नावं होती. एका तासात पान पूर्ण झालं तर कामावर घेणार. नाही झालं तर वर तसं कळवणार. परीक्षेसाठी म्हणून त्यांनी काकांना मागची खोली दिली आणि दार ओढून घेतलं.

काका पेन्सिलीकडे बघत राहिले. अठ्ठावीस मिनिटं, अडतीस नावं. मग ते खुर्चीला धरून उठले, भिंतीच्या आधाराने दारापर्यंत गेले. बाहेर बाकावर बायको बसली होती, मांडीवर त्यांच्या औषधांची पिशवी घेऊन. या कचेरीत आजवर त्यांनी कुणापुढे हात पसरला नव्हता, आणि तिच्यापुढे तर घरातही नाही.

"अगं, आत ये जरा. एक बटण दाबायचंय."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नाही. दाबून धर. मी मान हलवली की सोड."

तिने शिवणकामात आयुष्य काढलेलं. कॉम्प्युटरला कधी बोट लावलं नव्हतं. पहिल्यांदा तिने घाईने अंगठा उचलला आणि भलतंच चिन्ह आलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा अक्षर बरोबर पडलं, आणि मग मशीनवर पाय नेमका कुठे थांबवायचा हे जिला तीस वर्षांचं ठाऊक, तिला काही सांगावं लागलं नाही. दाब, सोड. दाब, सोड. काकांची बोटं जुन्या वेगाने चालायला लागली. चाळिसावं नाव झालं. अठ्ठेचाळिसावं झालं. काकांना एकदम जाणवलं की आपल्याला आनंद झालाय, आणि त्यांना त्याची भीतीच वाटली.

सत्तावन्नाव्या नावाच्या मधोमध दार उघडलं.

"काका, वेळ झाली," मॅडम म्हणाल्या. मग त्यांना बायको दिसली.

"मॅडम, तपासून बघा. एक चूक सापडायची नाही."

"चूक नसणारच. पण परीक्षा तुमची होती ना काका."

"ही रोज येईल. पगार नको तिला. खुर्चीसुद्धा घरून आणू."

"मी माझं शिवण घेऊन बसेन," बायको म्हणाली. तिचा अंगठा बटणावरच होता. "कुणाला त्रास नाही व्हायचा माझा."

मॅडम दाराला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं की त्यांनी वर आधीच दोनदा विचारून पाहिलंय, कुणी मदतीला दिलं तर चालेल का म्हणून. बाहेरचं माणूस चालत नाही, आतलं माणूस देता येत नाही, असं उत्तर आलं होतं. आता त्यांना एकच ओळ लिहायची होती, की एकट्याने काम करता येत नाही.

"मला घरी बसवू नका हो," काका म्हणाले. "घरी मी नुसता आजारी माणूस असतो. इथे मला कुणीतरी काहीतरी विचारतं."

मॅडमचे डोळे भरून आलेले पाहिल्यावर काकांना कळून चुकलं, की ही पोरगी खोटं बोलत नाही आणि तिच्या हातातही काही नाही. त्यांनी समजलं अशा अर्थी मान हलवली.

बायकोने लगेच अंगठा उचलला. काकांचे दोनच आकडे मारून झाले होते. पडद्यावर त्या मुलाच्या नावात एक चौकोन उमटला.

"चुकलं का माझं?" तिने विचारलं.

"नाही. माझंच चुकलं."

मॅडम म्हणाल्या, राहू दे काका, पुढचं दुसरं कुणीतरी करेल. काकांनी तो चौकोन पुसला. "असं कसं राहू दे," ते म्हणाले. "पोरगं पास झालंय. धर गं."

तिने धरलं. सत्तावन्न झालं, अठ्ठावन्न झालं. मॅडम तशाच उभ्या होत्या. शेवटच्या नावात अशी तीन अक्षरं होती, तिन्ही नीट पडली. काकांनी यादी वरपासून खालपर्यंत एकदा वाचली आणि ठेवून दिली.

"संपली," ते म्हणाले.

बायकोने ऐकलं, पण अंगठा हलवला नाही. ती पडद्याकडेच बघत होती. काकांनी आपल्या चांगल्या हाताने तिचा हात बटणावरून अलगद उचलला आणि तिच्या मांडीवर नेऊन ठेवला.