पट्ट्याचा धागा

गाऊन पिशवीतून बाहेर यायच्या आधी त्याचा वास काउंटरवर आला. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात उभं आयुष्य काढलेल्या काडीवालीचं नाक कपड्यांच्या बाबतीत फार तिखट. कुणाच्या कोटाला अत्तराआड सिगारेट लपलीय, हे तिला बाही न उलगडता कळायचं. पण हा वास जळकट होता.

"डाव्या बाहीचं काही होतंय का बघा ना," समोरची बाई म्हणाली. ही शाळेत शिकवायची, नवऱ्याचे कोट टाकायला नेहमी यायची. आज तिचा डावा हात कोपरापर्यंत पट्टीत गुंडाळलेला होता.

बाही उरलीच कुठे होती! मोरपिशी रंगाचा तो लुसलुशीत गाऊन कोपराशी काळा पडून आकसला होता. बाईंनी हसत हसतच सगळं सांगितलं. दूध वर आलं म्हणून गॅस बारीक करायला गेल्या, बाहीचं टोक आचेला जेमतेम शिवलं असेल नसेल, आणि बघता बघता ज्योत कोपरापर्यंत धावत आली. नवरा शेजारीच उभा होता, त्याने ओला टॉवेल टाकला म्हणून निभावलं.

"चूक माझीच. मी आहेच धांदरट. गाऊनला नाव नाही ठेवणार हं मी. तुमचं ऐकूनच तर घेतला."

 उद्या सांगते, एवढंच कसंबसं बोलून काडीवालीने गाऊन घेतला.

काडीवाली हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बाईला कपड्यांचं वेड, अगदी जन्मजात. दर रविवारी सकाळी साखरेच्या डब्याला फोन टेकवून ती बसायची आणि व्हिडिओवर आठवड्याची फॅशनची खबरबात सांगायची. कुठला रंग आला, कुठली बाही गेली, कुठल्या सेलमध्ये आधी किंमत चढवून मग उतरवलीय. जिभेला हाड नाही. एका नामांकित कंपनीच्या ड्रेसची कमरेवरची भलीमोठी गाठ बघून ती म्हणाली होती, "ही बाई आहे की पार्सल?" त्या वाक्यावर आख्खी वस्ती आठवडाभर हसत होती. आणि शेवटी तिचा तो ठरलेला प्रकार. कपड्याचा एक धागा ओढून काढायचा आणि काडी ओढून पेटवायचा. गोळी होऊन आकसला तर नायलॉन, केस जळल्याचा वास आला तर लोकर, मऊ राख झाली तर सूत. कपड्याच्या चिठ्ठीवर कंपनी काहीही छापो, धागा खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची. बायका तिची काडी बघितल्याशिवाय रुमालसुद्धा घेत नसत. नवरेमंडळी मात्र म्हणायची, ही बया घराघरांत काड्या लावते.

एवढी वर्षं दुसऱ्यांचे कपडे हाताळण्यात गेली. अशात एक दिवस गाऊनच्या कंपनीची मुलगी पेटी घेऊन घरी आली. गोड बोलणं, नखं बदामी. तुम्हीच आमच्या गाऊनबद्दल बोला म्हणाली, मोठ्या दुकानाच्या काचेवर तुमचा फोटो लावू म्हणाली. काडी लावली तरी हरकत नव्हती, उलट लोकांना तीच हवी होती. फक्त धागा गाऊनच्या अंगाचा नको, फोटोत ओढल्याची खेच दिसेल.

"कमरेच्या पट्ट्याचा घ्या ना," मुलगी म्हणाली. "कुणाला काय कळतंय?"

काडीवालीने पट्टा हातात घेतला आणि त्याच क्षणी बोटांना कळलं. पट्टा घट्ट विणीचा, सुती. आणि अंगाच्या कापडावर मांजरीच्या पोटासारखी लव. दोन जातींची दोन कापडं, एकाच रंगात बुडवलेली. इतर कुणी तिला असं फसवलं असतं तर तिने त्याची सालटी काढली असती. पण फोटोवाला खोळंबला होता, आणि काच तिला आत्ताच दिसायला लागली होती. एकाच कपड्याचा तर धागा, तिने स्वतःला समजावलं. पट्ट्याचा धागा शहाण्या मुलासारखा हळूहळू जळला. "निर्धास्त घ्या," ती व्हिडिओत म्हणाली, आणि बायकांनी घेतले.

फोटो लागला. काडी हातात धरलेला. येता-जाता थांबून तिने तो कितीदा तरी बघितला. पेटीतला गाऊन तिने आक्काला दिला.

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण, दोघी एकत्रच राहत. आई गेल्यावर हिनेच धाकटीला वाढवलं. धाकटीला कपड्यांची हौस म्हणून तिला नवं घ्यायचं आणि स्वतः कुणाकुणाचं उतरलेलं घालायचं, असा आक्काचा आयुष्यभराचा शिरस्ता. गाऊन अंगात घातला तेव्हा ती बराच वेळ नुसती बाहीवरून हात फिरवत बसली होती. त्या दिवसापासून तो तिने धुण्यापुरताच अंगावेगळा केला.

आता दुकानाच्या मागच्या खोलीत काडीवालीने बाईंच्या गाऊनच्या आतल्या शिवणीचा एक तुकडा कापला, मोरीत धरला आणि काडी जवळ नेली. काडी टेकायचीही गरज पडली नाही. ज्योत लवेवरून सरसर पळाली आणि तिने तुकडा टाकून दिला तेव्हा बोटं पोळली होती.

"रॉकेल शिंपडलंस की काय?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

तिने घरी फोन लावला. वाजत राहिला. आक्का या वेळी चहा ठेवते, आणि चहा ठेवताना फोन उचलत नाही. तिने पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मालकाला काय सांगितलं तेही तिला नंतर आठवेना, ती रस्त्याने धावत होती. वाटेत मोठ्या दुकानाच्या काचेवरून तिचाच हसरा चेहरा तिच्याकडे बघत होता आणि तिला तो बघवेना.

आक्का ओट्याशीच होती. दोन्ही बाह्या सैल, हातात गाळणी, खाली आच. काडीवालीने आधी गॅस बंद केला आणि मग तिला धरून मागे ओढलं.

"काढ तो. आत्ता काढ."

 आक्काने काहीतरी समजल्यासारखी मान हलवली.

"परत मागितला होय त्यांनी?" तिने स्वतःच पट्टा सोडला. "ने. मळवला नाहीये मी."

आतला विरलेला झगा दिसला आणि काडीवालीला रडू आवरेना. खाली बसून तिने सगळं सांगितलं. शिक्षिकाबाईंचा हात, मोरीतला तुकडा, पट्टा.  आक्काने विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"बोटांना कळलं होतं."

आक्काने गाऊनची घडी घातली, सवयीने बाह्या आत घेऊन. "मग माझ्यापुढे काय रडतेस? त्यांना सांग," ती म्हणाली आणि तिने खिडकीकडे हात केला.

अंधारून येत होतं. समोरच्या इमारतीत एकेका स्वयंपाकघराचा दिवा लागत होता. एका खिडकीत मोरपिशी रंग हलला. त्याच्या वरच्या मजल्यावर आणखी एक.

काडीवालीने फोन साखरेच्या डब्याला टेकवला. आक्काचाच गाऊन कापला, तुकडा ताटलीत पेटवला, पट्ट्याची गोष्ट काही न लपवता सांगितली आणि तो गाऊन अंगावर कुणी ठेवू नका म्हणाली. पहिलं उत्तर लगेच आलं. पैसे कमी दिले वाटतं कंपनीने! दुसरीने लिहिलं, ताई, आता कुठे थंडी पडलीय, आणि तुमचं हे वरातीमागून घोडं.  बाकीच्या स्वयंपाकाला लागल्या होत्या, त्या फोन कशाला बघतील?

"चल," आक्का म्हणाली. तिने जुना स्वेटर चढवला आणि ती पुढे झाली.

समोरच्या इमारतीत शिरल्यावर आक्का वरच्या मजल्यावर गेली. खालच्या मजल्यावरचं दार एका ठेंगण्या, हसऱ्या बाईने उघडलं. अंगात तोच गाऊन. मागे गॅसची निळी आच दिसत होती.

"अगंबाई, काडीवाली ताई! बघा, तुमच्यामुळे घेतला. सासूबाईंनाही घेतला एक. या ना, चहाच टाकत होते."

"आधी गॅस..." काडीवाली म्हणाली. पण पाहुणा दारात आल्यावर ऐकतंय कोण? बाई वळलीसुद्धा होती, आणि सैल बाही तिच्याबरोबर शेगडीकडे निघाली होती.

काडीवाली चपलांसकट आत धावली आणि तिने ती बाही मुठीत धरली. मूठभर मऊ, ऊबदार लव.

"अहो, सोडा तरी," बाई हसत म्हणाली. "चहा घेतल्याशिवाय काही जाऊ देत नाही मी."

तिने सोडली नाही. दुसऱ्या हाताने ती गॅसचं बटण शोधत राहिली.