कडव्याने मोजलेले भोक

मी एक जुना बिडाचा इंजिन ब्लॉक आहे. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातल्या एका लहानशा चर्चच्या मागे, पिकानच्या झाडाखाली मी उताणा पडलेला असतो. मित्रांनो, माझ्या डोक्याजवळचे सहावे भोक नीट पाहा. माझी सगळी कहाणी त्यातच आहे.

उत्तरेकडच्या एका ओतशाळेत, वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. पुढे मी या चर्चच्या बसमध्ये आलो. दर रविवारी चौदा मैलांच्या कच्च्या रस्त्यावरून नऊ म्हाताऱ्या माणसांना मी देवाच्या दारी आणून सोडत असे. मग खिडकीतून पास्टर क्रेन यांचे प्रवचन ऐकू येई. ते बोलता बोलता गाऊ लागत, आणि बाकांवरची माणसे प्रत्येक वाक्याला हुंकार देत. असे सुख किती इंजिनांच्या वाट्याला येते?

पण वय झाले. माझे हेड, म्हणजे वरचे जड झाकण, आवळून धरणाऱ्या सहा स्टडांच्या, म्हणजे आटे असलेल्या दांड्यांच्या, भोकांतले आटे झिजले, आणि वाफ बाहेर येऊ लागली. तेवढ्यात कळले की पास्टर क्रेन थकले आहेत. येत्या रविवारी शेवटचे प्रवचन करून ते लेकीकडे शिकागोला जाणार. गावातली गाडीवाली माणसे कधीच तिकडे गेली होती. उरली होती फक्त बस.

चर्चची व्यवस्था पाहणारे डीकन थॅडियस पेटवे म्हाताऱ्यांच्या वस्तीतल्या आपल्या अंगणातच कामाला लागले. जुने भोक मोठे करायचे, त्यात आटे पाडून बिडाचे बूच घट्ट बसवायचे, ते घासून सपाट करायचे, आणि हेड वर ठेवून खूण केलेल्या जागी नवे भोक पाडायचे. हाताने फिरवायचे ड्रिल होते. खोली ते स्तोत्राने मोजत. एक कडवे संपले की हात थांबला. त्यांच्या वडिलांचीही हीच पद्धत होती. पाच भोके बिनचूक झाली.

शनिवारी दुपारी शेजारच्या मदर अर्झेला, माझ्या नऊ उतारूंपैकी एक, अंगणात चवळीच्या शेंगा सोलत बसल्या; चर्चमधल्या मानाच्या म्हातारीला तिकडे मदर म्हणतात. वय एक्क्याऐंशी. पहिल्या बाकावरची त्यांची जागा चाळीस वर्षांची.

"थॅड, तुझा हात चालतोय की जांभया देतोय?"

"मदर, बीड आहे हे, मक्याच्या पावाचं पीठ नव्हे!"

"उद्या मला माझ्या बाकावर नेऊन बसव, मग कर चेष्टा."

"नेणार म्हणजे नेणार. टोपी काढून ठेवा, ती पिसांची."

"कालच काढली रे बाबा."

डीकन हसले आणि सहाव्या भोकाला त्यांनी स्तोत्र सुरू केले. मदरनी सूर धरला. मित्रांनो, तिथली रीत अशी की एकाने ओळ सांगायची, दुसऱ्याने ती लांबवत न्यायची, आणि वडीलधाऱ्यांची ओळ अर्ध्यात तोडायची नाही. मदरची ओळ लांबत गेली. डीकनचे डोळे मिटले. हात फिरतच राहिला. मीसुद्धा दुखणे विसरून ऐकत होतो.

कडवे संपण्याआधीच ड्रिल धपकन आत गेले. बाहेर आले तेव्हा टोकाला गंजके पाणी होते. मला थंड ठेवणाऱ्या आतल्या पाण्याच्या पोकळीला भोक पडले होते.

"काय झालं रे?" मदरनी विचारले.

"काही नाही, मदर. लावतो मी."

डीकननी पाणी अडवायला स्टडाला लुकण माखून तो बसवला, जीव मुठीत धरून आवळला. कट् असा आवाज आला. तडा थेट सिलिंडरपर्यंत गेला होता; आता मी चालणार नव्हतो. डीकन माझ्यावर कपाळ टेकवून रडू लागले.

मदरना सगळे कळले. शेंगांचे टोपले उचलत त्या म्हणाल्या, "ओळ मीच लांबवली रे. तू का रडतोस?"

रविवारी त्या पिसांची टोपी घालून आपल्या ओसरीवर बसून होत्या, असे नंतर ऐकले. चौदा मैलांवरून प्रवचन ऐकू येत नाही. कापूस फुटायच्या आतच त्या गेल्या. पुढे बस मोडीत गेली आणि डीकननी मला इथे चर्चमागे आणून ठेवले. ते अजून येतात, माझ्याभोवतीचे गवत काढतात. पण काम करताना ते पुन्हा कधी गायले नाहीत.

आता पावसाचे पाणी त्या भोकातून आत उतरते. मला कोणी दुरुस्त करणार नाही, ते मला ठाऊक आहे. मित्रांनो, एवढेच सांगतो. बिडाला भोक पाडताना ड्रिलला खोलीच्या मापावर चिंधी बांधा आणि डोळा तिच्यावर ठेवा. म्हणजे शेजारी कुणी गात असेल, तर त्या माणसाला त्याची ओळ पुरी करता येईल.