कामिनीवर बोललेला नवस

अंगाची लाही लाही होणं म्हणजे काय, ते भागाबाईला त्या रविवारी चर्चमध्ये कळलं.

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या त्या गावात हंगामाचा सण होता. कापणी झाली की घरात जे पिकलं त्यातलं पहिलं आणून वेदीपुढे ठेवायचं, ही तिथल्या ख्रिस्ती घरांची बापजाद्यांपासूनची रीत. नागलीच्या पाट्या, भोपळे, शेंगा, पाय बांधलेले कोंबडे, सगळं मांडून झालं होतं. भागाबाई आपली उडदाची टोपली ठेवून बायकांच्या सतरंजीवर येऊन बसली, पदराने घाम पुसला, तेवढ्यात पाळक जितेंद्र बोलायला उभे राहिले.

"आज आपल्या मंडळीचे पंच अभिमनभाऊ देवाचा नवस फेडणार आहेत. गेल्या वर्षी काविळीने ते मरणाच्या दारात होते. तेव्हा ते देवाला बोलले, मला वाचव, माझी लेक तुला दिली. देवाने आपलं काम केलं. आता कामिनी उद्यापासून बायबल शाळेत जाईल, आणि लग्न-संसार न करता जन्मभर सेवा करेल. ये पोरी, पुढे ये."

बायबलमधल्या हन्नानेही नवस बोलून आपला मुलगा शमुवेल देवाला दिला होता, अशी पुस्ती पाळकांनी जोडली. मंडळीने "आमेन" म्हटलं. कसलं आमेन आणि कसलं काय! पोरीच्या आईला पत्ता नाही, आणि सगळे तिला देऊन मोकळे झाले!

भागाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. अभिमन वेदीजवळच्या पंचांच्या खुर्चीत, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, मान झुकवून बसला होता. चेहरा असा, की जणू स्वतःचं काळीज काढून ताटात ठेवलंय. कामिनी धुळ्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि उद्याच तिचं कॉलेज उघडणार होतं. पेटी भरून तयार होती. तरीच हा बाबा आठ दिवस विचारत होता, पेटी केवढी आहे, कपडे किती घेतले!

"थांबा!" भागाबाई उठली. शेजारी बसलेल्या शेवंताबाईने, म्हणजे अभिमनच्या थोरल्या बहिणीने, तिचा पदर ओढला. "बस व माय, लोके देखी राहिनात."

"देखू द्या अक्का! आज देखू द्या!" पदर सोडवून घेत ती पुढे झाली. "पाळकसाहेब, हन्नानं नाव कसाले लेतस तुम्ही? पोर तिना पोटना, नवस तिना तोंडना. आठे, ह्या जागे, पोर मन्ही, आणि माले इचारं कोनी?"

"भागाबाई, देवाला दिलेली वस्तू परत घेता येत नाही," पाळक समजुतीच्या सुरात म्हणाले.

"वस्तू? भोपळा शे का ती?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. अभिमनने मान वर केली. "भागा, घर चाल. मी बाप शे तिना. मन्हा शबद जाई राहिना."

बास, इथे भागाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. शब्द! दवाखान्यात एकोणीस दिवस ह्याच्या उशाशी कोण बसलं होतं? कामिनी. ह्याची ओकारी कोणी काढली, चादरी कोणी बदलल्या? कामिनीने. त्यापायी परीक्षा बुडाली, तिचं एक वर्ष गेलं, तरी पोरीने तोंडातून ब्र काढला नाही. आणि हा पठ्ठ्या त्याच खाटेवर पडून तिचंच दान करून बसला! देवासाठी स्वतःची तंबाखूची पुडी सोडवली नाही. खुर्ची सोडवली नाही. आयत्या बिळावर नागोबा तसा आयत्या पोरीवर ह्याचा नवस!

हे सगळं ती मोठ्याने बोलली, एक शब्द पोटात ठेवला नाही. "दावीद राजाले खळं फुकट मिळी राहिंतं," ती नवऱ्याला म्हणाली, "तरी तो बोलना, मन्हं काही खर्च नही ते देवले देवाव नही. तुम्हनं काय खर्च व्हई राहिनं? आणि इफ्ताहनं? नवस बोलना तो, मरनी त्यानी पोर. जीभ बापनी, जीव पोरना! पाळकसाहेब, ती गोष्ट तुम्हीच सांगी ना रविवारनी शाळामा?"

पाळकांनी पुस्तक मिटलं. "मरी जातू मी," अभिमन पुटपुटला. "घाबरी गयथू. जे सुचनं ते बोलनू."

"मग कामिनीलाच विचारू," पाळक म्हणाले.

कामिनी कधीची भिंतीशी उभी होती. ती पुढे आली, पण पाळकांकडे न जाता बापाच्या खुर्चीसमोर थांबली.

"बाबा, तुम्ही नवस बोललात तेव्हा मी जागी होते."

अभिमन खुर्चीत पुढे सरकला.

"दुपारची वेळ होती. मी खुर्चीवर डोळे मिटून पडले होते. तुम्हाला वाटलं झोपले. सगळं ऐकलं मी."

"मग बोलनी का नहीस व?"

"तुम्ही देवाशी बोलत होता. मधे कशी बोलू? म्हटलं, बरे झाले की मला विचारतील. घरी आलो, तुम्ही नाही विचारलं. नाताळ गेला, ईस्टर गेला, तुम्ही नाही विचारलं. कॉलेजला जाताना दर वेळी एसटीत चढायच्या आधी मी तुमच्याजवळ येऊन उभी राहायचे. तुम्ही म्हणायचे, जपून जा. एकदा विचारलं असतं ना बाबा, तर मी हो म्हटलं असतं."

भागाबाईला कोणीतरी छातीवर बुक्की मारल्यासारखं झालं. वर्षभर! वर्षभर पोरगी हे एकटीने पोटात घेऊन वावरली, आणि तिला, सख्ख्या आईला, कळलं नाही! तिला नवऱ्याचा राग आला, पोरीचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

अभिमन खुर्चीतून उठला. सगळ्यांच्या देखत त्याने लेकीपुढे हात जोडले. "आते इचारस, बेटा," तो म्हणाला. "जाशी?"

कामिनीने त्याचे जोडलेले हात आपल्या हातांनी खाली केले.

"आता नाही," ती म्हणाली.