चौदा नंबरचा शर्ट

तुम्ही सामना पाहिला नाहीत. पाहिला असता तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती. वरच्या लीगसाठी पोरी निवडणारे तुम्ही, खालच्या लीगमध्ये आम्ही बास्केटबॉल कशा खेळतो ते कागदावर वाचता. आमच्या हॉलमध्ये एक कॅमेरा बसवलाय, तोही आकड्यांच्या फलकाकडे तोंड करून. सात वर्षं तो फलकाकडे बघतोय आणि सात वर्षं मी त्याच्या पाठीमागे धावतेय.

या लीगला तुम्ही विकास लीग म्हणता. मला एकतीस पूर्ण झाली, विकास चालूच आहे. इथून वर जायला जिना नाही, नुसतं एक पत्र असतं. आलं तर पोरगी जाते. नाही आलं तर पुढच्या हंगामापर्यंत बसा हात चोळत. मला पुढचा हंगाम नाही. गुडघा आता माझं ऐकत नाही.

शेवटून दुसरा सामना होता. आमच्या हॉलला उंच खिडक्या आहेत. दुपारी त्यातून ऊन तिरकं उतरतं आणि लाकडी जमीन अशी चमकते की पोरी पाण्यावरून पळतायत असं वाटावं. मी बाकावर होते, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. मध्यंतराच्या जरा आधी धाकटीच्या नाकावर कुणाचं तरी कोपर बसलं. धाकटी म्हणजे संघातली सगळ्यात लहान, एकोणीस वर्षांची, बोलायला तिखट आणि पायाला भिंगरी. तिच्या पाच नंबरच्या शर्टावर रक्त सांडलं. रक्ताचा शर्ट घालून खेळता येत नाही, नियम आहे. जादा शर्ट हवा, हाही नियमच आहे. आमच्याकडे जादा शर्ट नाही. 'मागणी वर पाठवली आहे' हे उत्तर तेवढं आहे.

मध्यंतर संपत आलं तेव्हा कोचबाई माझ्याकडे वळल्या. "काढ तुझा. तू तशीही बर्फानं शेकत बसलीयेस."

मी जाकीट चढवलं आणि शर्ट धाकटीला दिला. तो तिच्या मांड्यांच्याही खाली आला.

"ताई, हा शर्ट आहे की तंबू?"

"आत खोच आणि पळ."

"आणि तू टेबलावर सांगून ये," कोचबाई मला म्हणाल्या. "पाच नंबर आता चौदा घालून खेळतेय म्हणावं. विसरशील हं, तुझं लक्ष नसतं."

मी टेबलापाशी गेले. गुण लिहिणारे काका घड्याळाची वायर शोधत टेबलाखाली वाकले होते, नुसती पाठ दिसत होती. मी थांबले. शिट्टी झाली आणि मी सहज वळून पाहिलं.

स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही. मला त्या दुपारी दिसली. पाठीवर चौदा, आईनं शिवलेला, त्यातला चार जरासा डावीकडे झुकलेला. ती पाठ उन्हाच्या पट्ट्यात शिरली, विरघळली, पलीकडून परत निघाली. चेंडूचा आवाज कुठूनतरी खोलातून येत होता. पाठ उसळली, हवेत जरा जास्तच वेळ राहिली, आणि चेंडू जाळीला न हलवता खाली आला. मी माझ्या गुडघ्याला हात लावून पाहिला. दुखत नव्हता.

काका वर आले. त्यांनी चौदा आकडा पाहिला, कागदावर चौदा शोधला आणि पेन्सिल माझ्या नावासमोर टेकवली. ते मी पाहिलं. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. पण उघडलं तर ती पाठ माझी राहणार नव्हती. मी गप्प बसले.

सत्तावीस गुण. सगळे माझ्या नावावर. कोचबाईंनी नेहमीसारखी न बघता सही ठोकली.

आठवड्यानं पत्र आलं. 'क्रमांक चौदा, सोमवारी सकाळी नऊ वाजता चाचणीस हजर राहावे. जागा एक.' कोचबाईंनी कपडे बदलायच्या खोलीत वाचून दाखवलं आणि सगळ्या धाकटीकडे बघायला लागल्या. त्या दिवशी कोण पळालं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मी सांगून टाकलं. विसरले नव्हते, गप्प बसले होते, असंच सांगितलं. कोचबाईंनी तुम्हाला फोन केला. पालथ्या घड्यावर पाणी. सही झालेली नोंद बदलत नाही, चौदा येत नसेल तर जागा दुसऱ्या संघाला जाईल, एवढं म्हणून तुम्ही फोन ठेवलात.

"तू जा," कोचबाई म्हणाल्या. "जागा फुकट जाण्यापेक्षा बरं."

धाकटी बुटाची नाडी सोडत होती. वर न बघता म्हणाली, "जा की ताई. शर्ट तुझाच होता. मी आत नुसती भाड्यानं राहत होते." मग बूट भिरकावून न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता.

आई कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसते. संघाच्या शर्टांवरचे आकडे तीच शिवते. तिला सगळं सांगितलं. तिनं दाताने दोरा तोडला.

"त्यांनी तुला बोलावलंय?"

"चौदाला बोलावलंय."

"मग शर्टालाच पाठव. घडी करून देते."

ती थट्टा करत नव्हती. तिनं खरंच इस्त्री केली.

आज सोमवार आहे. मी आणि धाकटी आठपासून तुमच्या काचेच्या दाराच्या आत, प्रतीक्षेच्या बाकावर बसलोय. धाकटी यायला तयार नव्हती, दंडाला धरून आणली. आतून चेंडूंचा आवाज येतोय, बारीक, झोपेत ऐकू यावा तसा. तुमची जमीन आमच्यापेक्षा चकचकीत आहे. धाकटी माझ्या खांद्यावर डोकं टेकून तिकडे बघतेय. तिचे पाय जागच्या जागी पळतायत, तिला पत्ता नाही.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "चौदा नंबर कोण?" मी घडी केलेला शर्ट त्यांच्यापुढे ठेवला. "हा. तुम्ही यालाच बोलावलंय."

त्या आत विचारायला गेल्यात. हा कागद त्यांच्याच हाती दिला असता, पण तेव्हा लिहून झाला नव्हता. आता शर्टावर ठेवते.

मी चाचणी देणार नाही. माझं नाव खोडा, गप्प बसल्याची शिक्षा काय ती मला द्या. पण त्या दुपारी सत्तावीस गुण कुणीतरी केले, आणि ती इथे बसलीय, नाकावर अजून पट्टी आहे. नऊ वाजून दहा मिनिटं झालीत. आतलं दार उघडा, बाहेर या, तिच्याकडे एकदा बघा आणि सांगा, तुम्ही बोलावलं होतं ते कुणाला?