जड झालेली राख

ताईच्या सासऱ्यांचा कारखाना म्हणजे घरामागची लांबट खोली. तिथं लोखंडी तार किसून केसांसारखी बारीक घासणी बनवतात, भांडी घासायची. तिथं सासऱ्यांचा, म्हणजे काकांचा, एकच कायदा चालतो : जेवढं आत गेलं, तेवढं बाहेर आलं पाहिजे. सकाळी तार तोलायची. संध्याकाळी घासणी, केर, मशीनखालचा भुगा सगळं पुन्हा काट्यावर. बेरीज जुळली नाही तर म्हातारा कुणाला घरी सोडत नाही.

परवा भाऊजी ग्राइंडर चालवत होते. ठिणगी उडाली आणि घासणीचं भरलेलं पिंप पेटलं. ज्वाळा नाहीत, नुसतं आतून लाल होत गेलं. विझल्यावर काकांनी सवयीप्रमाणे उरलेला काळा ढिगारा तोलला. पिंपावर ताईच्या हातचा खडूचा आकडा होता चाळीस किलो. ढिगारा भरला सेहेचाळीस.

जळालेला माल आधीपेक्षा जड! काकांनी लगेच निकाल लावला. पिंपात घासणी नव्हतीच, वर थोडी पसरून खाली माती भरली होती, चांगला माल बाहेर गेला होता. आणि गोदामाच्या किल्ल्या कुणाकडे? सुनेकडे. पॅकिंगच्या सगळ्या बायकांसमोर त्यांनी हात पुढे केला. "किल्ल्या दे. आणि माहेरी जा. चोराला या घरात जागा नाही."

ताईनं किल्ल्या दिल्या आणि मला फोन केला. मी तिची धाकटी बहीण. शाळा सातवीत सुटली, रद्दीच्या दुकानात काम करते, रद्दी विकायच्या आधी वाचते. तोंड कुणापुढे बंद ठेवत नाही.

"काका," मी गेल्या गेल्या म्हटलं, "चोरी करून वजन वाढवणारा चोर तुम्ही आयुष्यात पाहिलाय का?"

"तू मध्ये पडू नकोस. लाकूड जळलं की मूठभर राख उरते. जळल्यावर वजन घटतं, हे शेंबड्या पोराला कळतं."

भाऊजी छताकडे बघत होते, जणू बायकोची बाजू घ्यायची परवानगी तिथं टांगलेली होती.

मी पॅकिंगचा बारीक काटा ओढला. पत्र्याच्या झाकणात घासणीचा पुंजका ठेवला, आकडा दाखवला आणि काडी लावली. लाल ठिणग्या पुंजक्यातून मुंग्यांसारख्या धावल्या. निवल्यावर आकडा वाढलेला.

"काटा बिघडलाय," काका म्हणाले.

त्यांनी स्वतःच वजनाचं माप ठेवून पाहिलं. काटा ठीक.

"तू काहीतरी टाकलंस."

"मग तुम्हीच जाळा."

त्यांनी जाळलं. वाढलं. पुन्हा जाळलं, पुन्हा वाढलं. तिसऱ्या वेळी ते काट्यापुढे उकिडवे बसले आणि नाक जवळजवळ राखेत घातलं. आवाजातला राग कुठं गेला कळलं नाही. "पण हे येतं कुठून गं?"

मी त्यांना रद्दीत वाचलेलं सांगितलं. काही शतकांपूर्वी मोठमोठे विद्वान इथंच अडले होते. जळताना वस्तूतून काहीतरी निघून जातं, असं ते छातीठोक सांगायचे. मग धातूची राख जड कशी? तर काही महाभाग म्हणाले, जे निघून जातं त्याचं वजन शून्यापेक्षा कमी असतं!

"हात्तिच्या!" काका हसले. "माझ्याकडे कामाला ठेवले नसते."

"मग एकानं कथील बंद भांड्यात तापवलं आणि भांड्यासकट तोललं. तुमचाच कायदा, काका. फक्त त्यानं दार लावून घेतलं."

ताईनं मोठी जाड काचेची बरणी आणली. मी झाकणातून दोन तारा आत नेल्या, फटी मेणानं बुजवल्या, आत पुंजका अडकवला. काकांनी तोलली. तारा बॅटरीला लावल्या. पुंजका लाल झाला, ठिणग्या थोड्या धावल्या आणि गुदमरून विझल्या. बरणी निवली. काकांनी परत तोलली.

आकडा तोच. तसूभर फरक नाही.

"आता झाकण सैल करा."

फुस्स झालं. हवा आत घुसली, आणि आमच्या डोळ्यांदेखत आकडा वर सरकला.

काकांनी आकड्यावर बोट टेकवलं. "म्हणजे लोखंडानं हवा खाल्ली. त्या जागी नवीन हवा आली." मग हळूच, "आणि लाकडाचं?"

"लाकडाचं वजन धूर आणि वाफ होऊन धुराड्यातून जातं. तेही तोललं असतं आणि खाल्लेली हवाही धरली असती, तर बेरीज जुळली असती. कायदा बरोबर आहे तुमचा. तुम्ही हवेला हिशोबात धरलं नाही, आणि माझ्या बहिणीला धरलंत."

त्यांनी खिशातून किल्ल्या काढून ताईपुढे धरल्या. "घे."

ताईनं हात पुढे केला नाही. "बाबा, बरणी फुसफुसली म्हणून मी खरी ठरले? इतकी वर्षं संध्याकाळची बेरीज मीच करते, ती कधी चुकली?"

"चुकली नाही."

"चोर सगळ्यांसमोर म्हणालात."

भाऊजींची नजर छतावरून एकदाची खाली आली. "बरोबर बोलतेय ती, बाबा," ते म्हणाले. उशिरा, पण म्हणाले.

काका उठले, पॅकिंगच्या दारात गेले आणि ओरडले, "हात थांबवा, सगळ्या इकडे या!" बायका जमल्या. काकांनी बरणी उचलली, डोळे चमकत होते. "हे बघा, यात काय गंमत आहे..."

"बरणी नंतर, काका," मी म्हटलं. "आधी ते दुसरं."

त्यांनी बरणी काट्यावर ठेवली, घसा खाकरला आणि सुनेकडे वळले.