सायकल कोण चालवत होतं?

शालू चौबळ कल्याणच्या मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. सायकल ती लग्नाआधीच शिकली होती, ठाण्याला टेंभी नाक्यावर माहेरी असताना. १९५४ साली कल्याणात सायकलवरून शाळेत जाणारी बाई ती एकटीच. लोक टकामका बघायचे. "बघून कंटाळले की आपापल्या कामाला लागतात," असं ती म्हणायची.

एका रविवारी तिचा पोस्टात नोकरी करणारा नवरा गुरुदत्त काळ्या तलावाच्या पायऱ्यांवरून घसरला आणि त्याचा घोटा मोडला. जवळपास टांगा दिसेना. शालूने त्याला कॅरियरवर बसवलं आणि दवाखान्याच्या दिशेने पायडल मारायला सुरुवात केली. पारनाक्यावर पंढरी शिपायाने शिट्टी वाजवली. सायकलवर डबलसीट म्हणजे गुन्हा.

"नाव काय?" पंढरीने विचारलं.

वेदनेने कळवळत गुरुदत्तने स्वतःचंच नाव सांगितलं. पंढरीने ते लिहून घेतलं आणि त्यांना जाऊ दिलं.

पायाला प्लास्टर लागलं. त्यापाठोपाठ समन्सही आलं, गुरुदत्तच्या नावाने.

"मी कबूल म्हणतो, पाच मिनिटांत सुटू," तो म्हणाला.

"पण सायकल मी चालवत होते."

"अगं, कोर्टात सगळं गाव असतं. बायकोनं मागं बसवून नेलं म्हणून पोस्टातले लोक वर्षभर चिडवतील मला."

"अहो, तुम्हाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा," शालू म्हणाली. "पण माझ्यासमोर खोटं बोललं गेलं तर मी गप्प बसायची नाही, आधीच सांगून ठेवते."

तारखेच्या दिवशी शालूने त्याला टांग्यात बसवून कोर्टाकडे पाठवलं. ती स्वतः सायकलवरून मागोमाग आली. कोर्ट भरलेलं होतं. पट्टेवाला पुकारा करी, माणूस उभा राही, मॅजिस्ट्रेट विचारत, "कबूल?" तो म्हणे, "कबूल," आणि दंड होई. टांग्यात जास्त माणसं भरणारा गेला, बिनदिव्याचा गाडीवान गेला. मनुबाई कोळीण रस्त्यावर मासळीची पाटी मांडल्याबद्दल उभी राहिली आणि कोणी विचारायच्या आतच "कबूल, कबूल! पाटी ताजी हाय, लवकर सोडा," म्हणाली. मॅजिस्ट्रेटही हसले. पण दंड केलाच.

"गुरुदत्त चौबळ!"

कुबडी टेकत तो उभा राहिला. मॅजिस्ट्रेटनी कागद वाचला. "सायकलवर पत्नीस बसवून नेले. कबूल?"

गुरुदत्त पुढच्या बाकाकडे बघत राहिला. तिथे पोस्टातला एक जण दुसऱ्याच कामासाठी आला होता, आणि तो ऐकत होता. मग गुरुदत्तने शालूकडे पाहिलं. ती काहीच खुणावत नव्हती, नुसती ताठ बसली होती.

"नाकबूल, साहेब," तो मोठ्याने म्हणाला. "माझा घोटा मोडला होता, टांगा मिळेना. सायकल माझी बायको चालवत होती. मी मागे बसलो होतो."

मागच्या बाजूला हशा पिकला. मॅजिस्ट्रेटनी टेबलावर हात आपटला. "शिपाई, हे खरं?"

पंढरी पुढे आला. "खरं हाय, साहेब. बाईच चालवीत होत्या, आणि चांगल्या चालवीत होत्या. मी नाव विचारलं, तर यांनी आपलं सांगितलं. मी तेवढंच लिहिलं, बाकीचं चौकीतल्या कारकुनानं भरलं."

"मग हे आरोपी होत नाहीत. सुटका."

गुरुदत्त खाली बसतो न बसतो तोच शालू उभी राहिली. "साहेब, चालवणारी मी. माझ्यावर गुन्हा लिहा."

"बाई, तुम्हाला समन्स नाही. तुम्ही घरी जाऊ शकता."

"मुलींना मी नियम शिकवते. मी नियम मोडायचा आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, हे मला चालणार नाही. आणि शक्य असेल तर आजच करा, पुन्हा सुट्टी मिळायची नाही."

मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. "पंढरी, लिही."

पंढरीने तिथेच बाकावर बसून नवा कागद लिहिला. पुन्हा पुकारा झाला, या वेळी शालू चौबळचा.

"कबूल," ती म्हणाली.

"टांगा नव्हता, माणूस जखमी होता. कबूल म्हणायच्या आधी हे सांगितलं असतंत तर सोडून दिलं असतं."

"सुटायला आलेच नव्हते, साहेब."

"एक रुपया दंड," मॅजिस्ट्रेट म्हणाले, आणि पुढचा कागद उचलता उचलता पुटपुटले, "माझ्या मुलीलाही शिकवायला हवी सायकल."

दंड भरून दोघं बाहेर आली. पोस्टातला तो माणूस दाराशीच उभा होता. "काय चौबळ, आता घरी कसे जाणार?"

टांगेवाले सगळे आत कोर्टात उभे होते. शालूने गुरुदत्तला सायकलच्या सीटवर बसवलं, कुबडी कॅरियरला अडकवली आणि हँडल धरून मागोमाग बाहेर आलेल्या पंढरीकडे पाहिलं.

"हवालदार, एकच माणूस बसलाय. मी ढकलत नेतेय. चालेल ना?"

पंढरीने क्षणभर विचार केला आणि हात करून त्यांच्यासाठी रस्ता मोकळा करून दिला.

"चला," गुरुदत्त पोस्टातल्या माणसाकडे बघून हसत म्हणाला, "माझी ड्रायव्हर निघाली."