बेटावरच्या एकोणतीस जणांची हजेरी

मित्रांनो, मी एक जुना हजेरीपट आहे. जुना म्हणजे चारच वर्षांचा, पण हाताळून हाताळून माझे कोपरे मऊ पडलेत आणि पाठीचं लाल कापड उसवलंय. शिक्षक मला कॅटलॉग म्हणतात. सध्या मी नांदेडच्या एका कचेरीत, लोखंडी कपाटात, सुतळीनं आवळलेल्या गठ्ठ्यात आहे. अंगावर कुणीतरी 'सहपत्र क्रमांक चार' असं लिहिलंय. माझ्यामुळं एका बाईची नोकरी राहील की जाईल, ते अजून ठरलेलं नाही.

माझा जन्म नांदेडातल्याच एका छापखान्यातला. डाव्या बाजूला नावांची जागा, मग तारखांचे एकतीस रकाने, आणि शेवटी 'शेरा' नावाचा एक रुंद रकाना. तिथून आम्ही दहा भावंडं मुखेड तालुक्यातल्या एका गावी, एका संस्थेच्या शाळेत गेलो. कारकुनानं माझ्या तोंडावर लिहिलं, 'इयत्ता सहावी, तुकडी ब'. पण त्या वर्षी पट भरला नाही आणि 'ब' तुकडी उघडलीच नाही. माझी बहीण, सहावी अ, रोज शिक्षकांच्या काखेत बसून वर्गात जायची. मी कपाटात झुरळांना सोबत करायचो.

दीड वर्षानं वर्षाराणीबाई कपाट आवरायला आल्या. त्या शाळेत शिक्षणसेवक होत्या. म्हणजे तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर राबायचं, आणि मुख्याध्यापकांनी अहवाल चांगला दिला तरच कायम व्हायचं. तीन वर्षं मान खाली घालायची, दुसरं काय?

"सर, हे कोरंच हाय. घरी नेऊ का?" त्यांनी विचारलं.

मुख्याध्यापक हणमंतराव सरांनी मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. "न्या की. न्हाईतरी वाळवीच खाणार."

असा मी बाईंच्या घरी आलो, आणि माझ्या आयुष्याला काम मिळालं. बाईंना एका इंग्रजी मालिकेचं वेड होतं. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर जाऊन चित्रित केलेली गुन्हेशोधाची मालिका. निळंशार पाणी, नारळी, रंगवलेली लाकडी घरं आणि दर भागात एक खून. तपास करणारी एक जाडजूड फौजदारीण. ती कुणावर ओरडायची नाही. धक्क्यावर बसून एकच विचारायची, दुपारची बोट लागली तेव्हा तुम्ही कुठं होता? तेवढ्यावर खुनी सापडायचा. मालिकेचं नाव लांबलचक होतं. घरात तिला 'बेटावाली' म्हणायचे.

दर रविवारी दुपारी बाई मोबाईल टीव्हीला जोडायच्या आणि सासूबाईंना, सिंधुबाईंना, एकेक वाक्य मराठीत सांगायच्या.

"वर्षे, ह्यो कोण आता? मघाशी बुडाला त्योच का?"

"न्हाई आत्याबाई, बुडाला तो होडीवाला. हा त्याचा मेव्हणा."

"टोप्या तर समद्यांच्या सारख्याच. आन् नावं कुठं ध्यानात राहायलीत? दात पडल्याशिवाय तोंडातून निघत न्हाईत."

मग सिंधुबाईंनीच बारसं केलं. उंच मेव्हणा त्यांच्या देगलूरकडच्या माहेरातल्या ईश्वरप्पासारखा चालायचा, म्हणून तो ईश्वरप्पा. चर्चचा पाद्री झाला मलप्पा. खाणावळवालीचं नाव पडलं गोदावरी. बाईंनी हीच नावं माझ्यात ओळीनं लिहिली, एक ते एकोणतीस. एक पान म्हणजे एक भाग. एक रकाना म्हणजे एक प्रसंग. माणूस दिसला तर उभी रेघ, नाही दिसला तर शून्य. शिक्षिकेला दुसरी कुठली पद्धत सुचणार? पण पद्धत नामी निघाली. बोट लागली त्या रकान्यात शून्य कुणाकुणाला, एवढं पाहिलं की सिंधुबाई फौजदारणीच्या आधी खुनी धरायच्या.

शेऱ्याच्या रकान्यात बाई काय काय लिहायच्या. पोहता येत नाही म्हणतो, पण केस ओले. मागच्या पानांवर तर पूर्ण मार्गदर्शनच होतं. कोणता भाग आधी बघावा, कोणता सोडला तरी चालतो. तीन वेगवेगळी चर्च दाखवलीत, पण पायरीचा तुटका दगड बघा, चर्च एकच आहे. फौजदारणीची होडी दर वर्षी नवा रंग लावून दुसऱ्याची होडी म्हणून दाखवतात. आणि एक कलिंगडवाला. तो अकरा भागांत मागून नुसता गाडा ढकलत जातो, त्याला एक वाक्य नाही. बाईंनी त्यालाही एकोणतिसावा नंबर दिला. जो दिसला त्याची हजेरी लागलीच पाहिजे, हा त्यांचा नियम.

माझा बोलबाला झाला. शाळेतल्या शिपाई सरजाबाई मला घरी न्यायच्या, नातीकडून शेरे वाचून घ्यायच्या आणि मगच भाग बघायच्या. "ह्या हजरीबिगर बेटावाली बघणं म्हंजे चष्म्याबिगर सुई ओवणं," असं त्या सगळ्यांना सांगत. पिठाच्या गिरणीत माझ्यावरून भांडणं झाली. मला फार बरं वाटायचं.

मग बाईंच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षीची दिवाळी झाली आणि माझी झोप उडाली.

त्या आठवड्यात सहावी अ मधली सात लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. सुदर्शन, त्याची पाठची बहीण सुकन्या, सत्यम आणि आणखी चार. खरं तर गेली तशी शून्यं लागायला हवी होती. हणमंतराव सर म्हणाले, "हजरच लावत चला, बाई. पट घसरला तर शाळेतला एक शिक्षक जास्तीचा ठरतो. आन् समद्यात नवीन कोण हाय, ते मी सांगायला नको."

बाईंनी रेघा ओढल्या. रोज सात खोट्या रेघा. तोच हात, तोच निळा पेन. माझ्यात मेलेल्या होडीवाल्याला इमानदारीत शून्य, आणि त्या वर्षीच्या सहावी अ मध्ये, माझ्या धाकट्या बहिणीत, शेकडो मैलांवरच्या फडात मोळ्या उचलणाऱ्या लेकराला हजर. मला संताप यायचा. पण कागदाला तोंड नसतं, आणि ज्यांना तोंड होतं ते खिचडीचा हिशोब जुळवत बसले होते.

एका रविवारी बेटावालीत उसाचा फड आला. मागं माणसं कोयत्यानं ऊस तोडत होती. खून पुढं चालला होता, पण सिंधुबाई मागंच बघत राहिल्या. "हे तर आपल्यावाणीच हाय की गं. तिकडं पण लेकरं नेतात का फडावर?" बाईंनी पेनाला टोपण लावलं. ते पान अर्धंच राहिलं. पुढं कितीतरी रविवार त्यांनी मला हातात घेतलं नाही.

जानेवारीत सरजाबाईंनी मला परत एकदा नेलं. सोमवारी शाळेत आणलं आणि बाई वर्गात होत्या म्हणून सवयीनं कपाटात ठेवलं, बाकीच्या कॅटलॉगांच्या चळतीत. त्याच सकाळी फाटकात जीप थांबली. पटपडताळणीचं पथक. कुणाला वर्दी नव्हती.

पथकप्रमुख सौदामिनी मॅडम होत्या. चष्मा, सुती साडी, बारीक आवाज. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "सगळे हजेरीपट टेबलावर आणा." सरजाबाईंनी चळत उचलली, आणि चळतीत मी होतो. मी ओरडू कसा? दारातून वर्षाराणीबाईंनी मला पाहिलं आणि त्यांच्या हातातला खडू खाली पडला.

मॅडमनी माझं तोंड वाचलं. "सहावी ब? यादीत तर एकच तुकडी आहे." पान उघडलं. "एकोणतीस नावं. कुठं आहेत ही मुलं?"

हणमंतराव सरांनी माझ्यात डोकावून बघायला हवं होतं. पण वीस वर्षांची सवय. पथक विचारतंय म्हटल्यावर उत्तर जिभेवर तयारच.

"ऊसतोडीला गेलीत मॅडम. समदे पालक कारखान्यावर. होळीनंतर येतेत."

"सगळी एकोणतीस?"

"हाव."

मॅडमनी बोट शेऱ्याच्या रकान्यावर नेलं आणि सावकाश वाचायला लागल्या. "नंबर अकरा, ईश्वरप्पा. शेरा, बहिणीच्या नवऱ्याचा विमा काढला, लक्ष ठेवा. नंबर चौदा, मलप्पा. शेरा, पाद्री असून दारूच्या गोदामाची किल्ली जवळ." त्यांनी चष्मा काढला. "सर, सहावीतली मुलं ना ही?"

हणमंतराव सरांनी आत्ता कुठं माझ्यात डोकावून बघितलं. दाराशी उभ्या सरजाबाईंना राहवलं नाही. "मॅडम, ते मलप्पा निर्दोष हाय. सातव्या भागात सुटतंय."

"सरजाबाई, बाहेर जा," सर म्हणाले.

वर्षाराणीबाई पुढं आल्या. "मॅडम, ते माझं आहे. एका सिरियलची माहिती लिहिलीय. मुलं न्हाईत ती. ही तुकडीच न्हाई शाळेत."

"मग मुख्याध्यापक खोटं का बोलले?" मॅडमनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माझ्या बहिणीला उघडलं. सहावी अ. आजच्या तारखेला एकतीस हजर. मग त्या स्वतः वर्गात गेल्या आणि बोटांनी मोजून आल्या. "चोवीस. हजेरी कोण घेतं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"लेखी जबाब द्या. मी बाकीचे वर्ग बघून येते."

मॅडम व्हरांड्यातून पुढं गेल्या. तेवढ्यात सर बाईंच्या जवळ सरकले. मी टेबलावरच होतो, मला शब्द न् शब्द ऐकू आला. "लिहा, सात जण आजारी हाईत. ताप. आज सकाळीच कळलं, चुकून रेघ पडली. तुमचा तीन वर्षांचा अहवाल माझ्या टेबलावर हाय, बाई. एक सही राह्यलीय. डोकं ठिकाणावर ठेवा."

"सर, ताप म्हणून लिहिलं तर त्यांना आणायला कोण जाईल?"

"आणायला कोण जाणार हाय तसंही?"

बाईंनी कोरा कागद शोधला. टेबलावर नव्हता. मग त्यांनी मला उघडलं. उसाच्या फडाचं ते अर्धवट पान उलटलं आणि पुढच्या कोऱ्या पानावर सात नावं लिहिली. समोर दिवाळीपासून शून्यं. एकेक शून्य गोल, पूर्ण. त्यांच्या अश्रूंनी दोन शून्यं फुगली, तरी त्या थांबल्या नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'ऊसतोडीला गेली. शाळेला माहीत होतं. मी खोटी हजेरी लावली. लेकरांना परत आणावं.' आणि सही.

मॅडमनी ते उभ्यानंच वाचलं. "हे तुमच्याही विरोधात जातं, कळतंय ना?"

"हाव मॅडम."

"तुमचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"माझं न्हाई विचारत. लेकरांचं विचारते."

मॅडमनी त्या सात नावांचा मोबाईलवर फोटो काढला आणि जागेवरूनच कुणाला तरी फोन लावला. कोणता कारखाना, कोणता मुकादम, गाडी कधी पाठवता, एवढंच मला ऐकू आलं. मग मला आणि माझ्या बहिणीला एकाच सुतळीनं बांधलं. जीपपर्यंत सरजाबाई मागं आल्या. "मॅडम, ते परत कवा मिळंल? दोन भाग राह्यलेत आमचे."

"चौकशी संपल्यावर," मॅडम म्हणाल्या.

त्याला आता सात आठवडे झाले. सुदर्शन आणि सुकन्या परतल्याचं इथल्या कारकुनाच्या तोंडून ऐकलं. बाकीच्या पाचांचं कळलं नाही. बाईंच्या अहवालावर सही झाली नाही, हेही ऐकलं. कुणी म्हणतं त्यांना काढणार, कुणी म्हणतं खरं बोलल्या म्हणून ठेवणार. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाते आणि मी गठ्ठ्यात कान लावून असतो.

मित्रांनो, माझी पानं जपा, मला पुठ्ठा घाला, असं मागणं मी मागणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. उद्या सकाळी हजेरी सुरू झाली की मान वर करा आणि बाकांकडं बघा. नाव घेतलं गेलं आणि बाक रिकामा असला, तरी रेघ ओढायला पेन खाली टेकताना दिसेल. मोठ्यांना भीती असते, नोकरीची, पटाची, साहेबाची. त्या भीतीपायी तुमचा सोबती वहीत हजर राहतो आणि उन्हात मोळ्या वाहतो. तेव्हा गप्प बसू नका. उभं राहा. आवाज कापला तरी चालेल. म्हणा, "बाई, तो आलेला न्हाई."